गाडीवरची आग

वसई रोड,
१२ जानेवारी १९५४

सौ. मथुरेस आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? बाळीचा खोकला गेला का? माझी प्रकृती उत्तम आहे. स्टेशनाबाहेर भज्यांची हातगाडी बरी चालते.

शुक्रवारी मात्र गाडीवर आग लागली. घाबरू नकोस, मला काही झाले नाही. गिऱ्हाइकांची घाई होती, म्हणून मी स्टोव्ह न विझवताच त्यात रॉकेल ओतले. भडका उडाला आणि मी पळालो. शेजारी उमेळ्याच्या रखमाबाई विड्याची पाने विकतात. त्यांनी पानांवरचे ओले गोणपाट स्टोव्हवर टाकून आग विझवली. त्यात त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला.

लोकांना वाटले, मी पाणी आणायला धावलो. मीही हो म्हणून मान डोलावली.

काल त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "रखमाबाई, मी पाण्यासाठी नव्हतो पळालो."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात बादली कुठे होती? पण स्टेशनावर बोलू नका. उगाच गिऱ्हाईक तुटेल."

मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांचा हात बरा होईपर्यंत पानेही मीच विकणार आहे. आता स्टोव्ह गार झाल्याशिवाय रॉकेलच्या डब्याला हात लावत नाही.

आईला फक्त खुशाली सांग. तुला माझ्याबद्दल काय वाटले ते लिही. रागाने लिहिलेस तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

तुझा,
भालचंद्र