आईकडून आलेली जाडी

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी वहिनीवर मी अजून जळते. मी तुझी पोटची, पण तुझं बीपी वाढलंय, हृदय जाड झालंय, हे तू सांगितलंस सुनेला. मला कळलं ते तू गेल्यावर. वाशिंदहून मी मुरबाडला घरी यायचे, तेव्हा तू चुलीपुढे ताठ बसलेली असायचीस. एकदा हौसेनं सुकटीची चटणी करून आणली. तू बोटाला लावलीस, "चांगली झालीय गो," म्हणालीस आणि डबा बाजूला सारलास. मग तू आणि वहिनी एका ताटात अळणी आमटी-भात जेवायला बसलात. तुला एकटीला बेचव घास गिळायला लागू नये म्हणून तिनंही मीठ सोडलं होतं, हेही मला मागाहूनच कळलं. मी म्हटलं, "मलाही तेच वाढ." तर तू म्हणतेस, "तू पावणी, तू नीट जेव." पाहुणी! तो शब्द मला अजून टोचतो.

परवा वहिनी माझ्याकडे राहायला आली. जिन्यात मी मधेच थांबले, तर लगेच म्हणाली, "ताई, तुमाला दम लागतोय. आई पन अशाच थांबायच्या, पदर सारखा करायचं निमित्त करून. मला सांगायच्या, तिला बोलू नको, उगा धावत येल." तुला पदर सारखा करताना मी कितीदा पाहिलं असेल, पण मला काही कळलं नाही. तिला कळलं. असा राग आला म्हणून सांगू!

शहापूरला दवाखान्यात तिनंच नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, हृदय जाड झालंय; बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असलं की रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, मग ओझी उचलणाऱ्याच्या दंडासारखा त्याचा स्नायू जाड होतो. दंडाला ते शोभतं, हृदयाला सोसत नाही. "घरात कुणाला होतं?" वहिनी तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "माझ्या आईला. अगदी हेच." आणि मुद्दाम तिच्याकडे बघितलं. ती बिचारी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चांगली आहे गं ती, हेच तर माझं दुखणं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, वहिनीच्या नजरेला पडायच्या आत फाडणार आहे, म्हणून सांगते. गोळ्या नेमानं घेतल्या तर जाडी कमी होते म्हणे. घेते मी, एकही चुकवत नाही. पण थोडी राहिली तर बरं, असं मनात येतं. तुझं तेवढंच एक माझ्याकडे आहे, जे तिला मिळणार नाही.