सगळं घर उसवलंय

४ मार्च

मुखवटा वाया घालवला. मीच!

घशात गाठ आहे. सात आठवडे रेडिएशन द्यायचं म्हणतात. त्या वेळी मान केसभरही हलता कामा नये, म्हणून आधी मुखवटा करतात – जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढायचा, तोंडावर दाबायचा, कडा टेबलाला पक्क्या करायच्या. तो थंड होईपर्यंत गप्प पडून राहायचं. मी नाही राहिलो. नाकावर ते गरम ओलं आलं आणि ओरडत उठून बसलो. पत्रा वाकडा झाला. मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, दहाच मिनिटं होती हो." आता चौदा तारीख दिलीय.

टॅक्सीत बसताच सांगून टाकलं – मी परत येणार नाही. लेक म्हणाली, "अप्पा, पहिल्या ट्रायलला कोट बसला नाही म्हणून गिऱ्हाईक पळून गेलं, तर तुम्ही काय म्हणायचात?" एक्केचाळीस वर्षं शिंपीकाम केलं, म्हणून हे टोमणे! ही मात्र खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसली होती. माझ्या बायकोला कशाची भीती म्हणून नाहीच.

वही लेकीने काढून दिली. माझ्या दुकानातली, मापांची. पानापानावर छाती, कंबर, बाही छापलेलं. डॉक्टरांनी सांगितलंय, काय खाल्लं, काय दुखलं ते लिहा. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बरं आहे.

५ मार्च

अर्धी वाटी सूप. तेही अडतं. गाठीने की भीतीने, कळत नाही.

६ मार्च

लेक-जावई माझ्यासाठी इथे राहायला आलेत. आज जावयाची पॅन्ट मागून उसवली! "अप्पा, ऑफिसात फाइल उचलायला वाकलो आणि टर्रकन गेली." म्हटलं, जावईबापू, फाइल नव्हे, पोट उचलायला वाकला असाल. ते आपले हसले.

दुकान बंद केल्यापासून मशीनवर चादर होती. ती काढली, तेल घातलं. दुहेरी टीप मारून दिली. आता त्यात हत्ती घातला तरी उसवणार नाही.

दुपारभर गाठ आठवली नाही – हे आत्ता लिहिताना आठवलं.

७ मार्च

सकाळी पडद्याची कड सुटली. दुपारी लेकीच्या शर्टाची बाही खांद्यातून निघाली. संध्याकाळी उशीचे दोन अभ्रे! सगळं घर उसवलंय. ही माणसं कपडे वापरतात की त्यांच्याशी कुस्ती खेळतात?

ही म्हणाली, "अहो, तुम्ही शिवलेलेच अभ्रे आहेत ते. तेव्हाच हात आखडता घेतला असेल." माझ्या शिवणीला नावं! रात्रीच्या जेवणापर्यंत मान वर केली नाही.

८ मार्च

लेकीला काय सुचेल सांगता येत नाही. मला पलंगावर उताणं झोपवलं, गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल तोंडावर टाकला. "अप्पा, सराव. घड्याळ लावलंय." वीस मोजायच्या आत टॉवेल भिंतीवर!

शेजारी बसून ही म्हणते, "बेचाळीस वर्षं मला गप्प बसवलंत. आता दहा मिनिटं स्वतः बसून दाखवा."

मी हिला गप्प बसवलं? कधी? कोणी ऐकलंय का?

९ मार्च

युक्ती सापडली. टॉवेलखाली मनातल्या मनात हाताने बटणाचं काज करायचं. आधी कापडाला चीर. मग कडेने टाका, दोऱ्याची गाठ ओढायची, पुढचा टाका. चांगल्या काजाला तीसेक टाके लागतात. घाई केली की कड दातेरी दिसते, म्हणून घाई करायची नाही. आज अकराव्या टाक्याला जीव घाबरला. पण अकरा म्हणजे अकरा!

सूप पाऊण वाटी.

१० मार्च

जावयाची दुसरी पॅन्ट. उजेडात धरली आणि थबकलो.

शिवण ताणाने गेली की दोऱ्याची टोकं पिंजतात, कापडाची भोकं ओढली जातात. इथे टोकं कशी – एकदम साफ! एक टाका सोडून एक, ब्लेडने कापलेला. घाईत शेजारचं कापडही कापलंय. ही कला जावयाचीच.

शिवण उसवायच्या ब्लेडची माझी डबी उघडली. ब्लेड नाही. शोधलं, तर हिच्या चष्म्याच्या घरात, कागदात गुंडाळलेलं. म्हणजे सूत्रधार कोण, तेही कळलं!

जावई समोर उभे, चेहरा लहान मुलासारखा. "कापडच हल्ली तसलं येतं हो, अप्पा."

"हो ना," मी म्हणालो. "कापडच." ब्लेड होतं तसं ठेवून दिलं.

११ मार्च

रागवायला हवं होतं. म्हाताऱ्याला खेळणं द्यावं तसं काम देतात! पण राग येईना. गाठ कळल्यापासून माझे हात थरथरायचे, ते सहा तारखेपासून थांबलेत. हे मलाच दिसलं नव्हतं, त्यांना दिसलं.

मीही काही कच्चा नाही. पॅन्ट शिवताना जावयाचा खिसाही शिवून टाकला. बारीक टाक्यांनी, दिसणारच नाही असा.

टॉवेलखाली एक काज पूर्ण.

१२ मार्च

जावई ऑफिसातून आले ते थेट माझ्या पलंगापाशी. "अप्पा! सगळ्यांसमोर लिफ्टमध्ये रुमाल काढायला गेलो, तर खिसाच नाही!"

"कापडच हल्ली तसलं येतं, जावईबापू."

लेकीने सूप ढवळता ढवळता चमचा खाली टाकला. इतकी हसली की डोळे पुसायला लागली. ही पण हसली. पण एकदम थांबली आणि आत निघून गेली. दूध उतू जात असेल.

दोन काजं.

१३ मार्च

उद्या. आज काही उसवलं नाही. बहुतेक घाबरले, बाकीचेही खिसे जातील म्हणून.

हिने एकच टॉवेल तीनदा घडी करून ठेवला.

१४ मार्च

मुखवटा झाला! तिसरं काज अर्ध्यावर होतं तेव्हा मुलगी म्हणाली, "आजोबा, उठा, झालं." नाक माझंच आलंय त्यात, आईकडचं.

पण लिहायचं होतं ते सकाळचं. निघायला अर्धा तास होता. ही कुलूप शोधत होती, ते हातातच होतं. चष्मा घालायला गेली तर काडी कानावर बसेना. हात इतके कापत होते. हिचे! मी आत गेलो, चष्म्याच्या घरातून ब्लेड काढलं आणि शर्टाचं दुसरं बटण कापलं.

"अगं, बटण तुटलं बघ. लावून देतेस?"

तिने दोरा उजेडात धरला. टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. सुई ओवली – पहिल्याच खेपेला.

दोरा दातांनी तोडायला माझ्या छातीशी वाकली, तेव्हा म्हणाली, "कापडच हल्ली तसलं येतं."