वाल्व बदलायची सूचना

१२ एप्रिल २०१६
आज प्रेशरचा काटा लाल रेघेवर गेला! दूध थंड करायचं यंत्र गार ठेवायला पाणीच नाही — दोन टँकर यायचे, आता एक. त्यात सेफ्टी वाल्व गंजून बसलाय. यंत्रातला अमोनिया वायू कोंडला तर पाइप फुटणार. भिंतीपलीकडं आठ बाया दुधाचे कॅन धुतात. त्यातच माझी बायको, भामा.

१३ एप्रिल
आमच्या दूध संघाचे मॅनेजर सुंदरराव. त्यांना सांगितलं — वाल्व बदला, तोवर दुपारी यंत्र बंद ठेवू, दूध कमी घेऊ.
"सतरा वर्षं ऑपरेटर हायस बन्सी. इंजिनेर कवा झालास बे?"
शहादेव क्लार्क लई हसला.

१५ एप्रिल
अमोनियाचा वास आला. डोळे चुरचुरले. भामा म्हणाली, "तुमचे डोळे कावून लाल झालेत?" काही नाही म्हणालो.

१९ एप्रिल
यंत्र तपासायला पुण्याहून तज्ज्ञ आले, आपटे साहेब. हार, नारळ, फोटो. नंतर ते एकटेच यंत्रघरात आले. "तुम्हाला काय वाटतं?" — सतरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं! सगळं सांगून टाकलं. काट्याच्या नोंदीची वहीही दिली. मग वाटलं — सुंदररावांना कळलं तर?
मीटिंगमध्ये साहेब तेच बोलले. वाल्व बदला. दुपारी बंद ठेवा. शब्दसुद्धा माझेच! सुंदररावांनी टेबलावर हात आपटला, "ह्याला म्हणत्यात डोकं! आपल्यात न्हाई असं एक बी." लगेच वाल्वची ऑर्डर.
राग यायला पाहिजे होता. मला रडू आलं. भामा वाचली.

२३ एप्रिल
दुपारी यंत्र बंद. काटा खाली. झोप लागली.

२६ एप्रिल
साहेबांचा लेखी अहवाल आला. शहादेवनं दाखवला. शेवटी छापलंय — "दोन्ही सूचना मुळात ऑपरेटर बन्सी यांच्या आहेत. त्यांचे अभिनंदन." भला माणूस! पण आता सुंदररावांना कळणार. सुंदररावांनी वाचलं, कागदाची घडी घातली. माझ्याकडं बघितलं नाही.

२७ एप्रिल
सुंदररावांनी वाल्वची ऑर्डर रद्द केली. "संघ ऑपरेटरच्या डोक्यानं चालत न्हाई. दुपारी यंत्र चालू पायजे!"
काटा लाल रेघेच्या पुढं गेला. बायांना घरी धाडलं. यंत्र बंद केलं, कुलूप घातलं. पायरीवर बसून लिहितोय. शहादेव मॅनेजरला आणायला गेलाय.
दूध नासेल. नोकरी जाईल. किल्ली देणार नाही.