नैवेद्याआधीचं मीठ

आई, तुझ्या हाताखाली केलेलं काम धरत नाहीत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज सकाळपासून मी तुझ्याशीच भांडतेय, म्हणून शेवटी लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, उठते, गॅसपाशी जाते, परत येते. ऑस्ट्रेलियाला शेफ म्हणून कायमचं जायचं तर आधी कुठं, किती आणि कसलं काम केलंय ते दाखवावं लागतं. मी फुशारकीनं सांगितलं, शाळा सुटली तशी आईच्या खानावळीत लागले, घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या खालच्या खोलीत, दोन्ही वेळचा स्वयंपाक. रिफायनरीतले, रेल्वेतले, नंदेसरीच्या कारखान्यांतले, बायकापोरं गावी ठेवून आलेले आपले मराठी लोक जेवायला यायचे. अर्जाचं काम बघणाऱ्या गुजराती एजंटनं विचारलं, "पगार केटलो हतो, बेन?" मी म्हटलं, आई कधी मुलीला पगार देते का? पाडव्याला साडी घ्यायची. त्यानं मान वर न करता विचारलं, "साडीनी रसीद छे?"

मग त्यानं नीट समजावलं. काम पगारी हवं, पूर्णवेळ हवं, ज्या हुद्द्यासाठी अर्ज करायचा त्याच हुद्द्याचं हवं, आणि पगार खात्यात जमा झालेला दिसायला हवा. "बाकी बधुं घरकाम कहेवाय, बेन." म्हणजे बाकी सगळं नुसतं घरकाम. तू गेल्यावर मी हॉटेलात लागले, तिथली सुरुवातीची वर्षंसुद्धा गळाली, कारण तेव्हा मी हेल्पर होते आणि हेल्पर म्हणजे शेफ नव्हे. उरलेली जेमतेम पुरतात, म्हणून आता सगळा भार हातानं रांधून दाखवायच्या परीक्षेवर. वयाची अट दाराशी येऊन उभी आहे, ही संधी गेली की गेली. एवढं कशाला जायचंय, असं तू विचारशील. इथं मी अजून खानावळीतल्या मावशींची मुलगी आहे गं. हॉटेलात चिकटले तेही तुझ्याकडे जेवलेल्या एकाच्या शब्दावर. लोक माझ्या हातचं खातात आणि तुझं नाव काढतात. एकदा तरी कुणीतरी मला माझ्या नावानं पास करावं असं वाटतं. वाटतं काय, त्यानं झोप उडालीय.

आणि त्या परीक्षेत मी नापास झाले, तुझ्यामुळे. अहमदाबादला एका मोठ्या स्वयंपाकघरात उभं केलं, सूप, सॉस, कोंबडी, सगळं वेळेत उतरवलं. परीक्षक सौम्य माणूस होता. त्यानं सगळं चाखलं, मान डोलावली आणि म्हणाला, "टेस्ट ठीक है मॅडम, लेकिन आपने एक बार भी चखा नहीं. हर स्टेज पर चखना चाहिए." मी म्हटलं, वासावरून कळतं. तो म्हणाला, आज कळलं, उद्या नाही कळलं तर? हॉटेलात माझ्या हाताखालची पोरं चाखतात, त्यामुळे हे कधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कसं येणार? मी फ्रॉकातली आहे, चुलीवर आमटीला कढ आलाय, पळीतला थेंब तळहातावर घेऊन मी जिभेकडे नेते आणि तू माझं मनगट धरतेस. "देवाच्या आधी तुला भूक लागली का? नाक कशाला दिलंय?" मग तू वाफेवर वाकतेस, डोळे मिटून वास घेतेस आणि म्हणतेस, "बरोबर आहे." नैवेद्यासाठी तू वाटीभर आमटी वेगळी केलीस, माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाहीस. मी पुन्हा कधी पळीला जीभ लावली नाही. ताटं वाढताना मात्र तुझं एक सांगणं ठरलेलं, मीठ आधी वाढ, भरपूर वाढ. रिफायनरीतले काका पहिल्या घासालाच मीठ मागून घ्यायचे, कधीकधी दोनदा. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "भट्टीपाशी उभे असतात बिचारे, घाम जातो. जवा दे ने, सोड ते, तू वाढ."

परीक्षा पुन्हा द्यायची एकच संधी उरलीय, उद्याची. म्हणून आज सवय करायला चमचा घेऊन उभी राहिले. तुझीच आमटी केली, चिंचगुळाची. दोनदा चमचा तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. देवघराचं दार लोटून घेतलं, हसशील. आधी तुझ्यासारखी वाफेवर वाकले, डोळे मिटले, वास घेतला. नाकानं सांगितलं, बरोबर आहे. मग चाखली.

मीठ कमी होतं, आई. चांगलंच कमी. मी उभ्या उभ्या हसले आणि मग रडू आलं. काका घामासाठी मीठ मागत नव्हते. आणि आता वाटतं, तुलाही ते ठाऊक असणार, नाहीतर मीठ आधी आणि भरपूर वाढायला कशाला सांगितलं असतंस? इतक्या माणसांनी तुझ्याकडे रोज जेवून तुला एका शब्दानं दुखवलं नाही, आणि मी मात्र त्या नाकाच्या भरवशावर परदेशी निघाले होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एवढं सांगून टाकते. मी चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा चाखलं, आणि तीच उष्टी आमटी देवापुढे ठेवली. तुझ्या फोटोपुढेही ठेवली. आज पहिल्यांदाच ती बरोबर झाली होती.