नेट खातंय कोण?

३ मार्च २००८, सोमवार

शेठनी आज फोनचं बिल माझ्या टेबलावर आपटलं. आळेफाट्यावरची आमची बी-बियाणं न् औषधांची एजन्सी, कॉम्प्युटर सगळे मिळून पाच, आणि नेटचा कोटा अर्ध्या महिन्यातच खलास! इंदरचंद शेठ म्हणाले, 'भरत, तू कॉम्प्युटर शिकलायस ना? मग शोध. नेट खातंय कोण?'

मंचरला मी कोर्स केला खरा, पण जास्ती करून चहाच्या टपरीवर. तरी मान अशी डोलावली, जसं काही जगातलं सगळं नेट मीच बसवलंय.

४ मार्च

फुकटातलं एक सॉफ्टवेअर मिळालं. कुठल्या मशीनवर किती नेट जातंय ते दाखवतं — हिरवी रेघ. रेघ वर गेली की समजायचं, चोर कामाला लागला!

घरी आईला ऐटीत सांगितलं, मी आता नेटवर पाळत ठेवतो. म्हणाली, 'म्हंजे राखणच व्हय? मग मळ्यात कांद्यावर बी तूच जा.'

झाली आमची इज्जत.

६ मार्च

सापडलं! रोज दुपारी जेवणानंतर रेघ ताडकन वर जाते, पाऊण तास वरच राहते, मग धप्पकन खाली. मशीन कुठलं? शेठच्या केबिनमधलं!

पण शेठ तेव्हा माडीवर घरात झोपलेले असतात. केबिनमध्ये असतात प्यारीबाई, शेठच्या मंडळी. वर जावांचा टीव्ही ठणाणा करतो, म्हणून त्या खाली येऊन दार लावून सामायिकला बसतात. आसन, माळ, जप. त्या वेळात संसाराचा एक शब्द बोलायचा नसतो जैनांत. आम्हीसुद्धा दाराकडं फिरकत नाही. म्हणजे बाई नाहीत. मग कोण? विचार करकरून डोकं दुखलं. सवय नाही ना!

७ मार्च

वृषाली! आमची बिलिंगवाली. बाई खाली यायच्या आधी केबिनमध्ये जाते अन् लगेच बाहेर येते. 'बाईंचं आसन घालते,' म्हणे. आसन कसलं! काहीतरी डाउनलोडला लावून येत असणार. मी तडक शेठकडं. रेघेची प्रिंट काढली — रंगीत!

शेठनी तिला बोलावलं. वाटलं, भांडेल. ती शांतपणे म्हणाली, 'हो, मीच. पिक्चर उतरवते.' शेठ म्हणाले, 'मग एवढा महिना भर आणि दुसरीकडं बघ.' येडगावहून रोज एसटीनं येते. घरात कमावती तेवढीच.

जाताना मला म्हणाली, 'लई हुशार आहेस, भरतभाऊ.'

भाऊ! दोन वर्षं नुसता भरत होतो. शेठनी पाठ थोपटली ती कळलीसुद्धा नाही.

१० मार्च

वृषाली आज रजेवर. तरी रेघ वर!

बघतच राहिलो, तोंड उघडं टाकून. मग चोरपावलांनी केबिनच्या दाराशी गेलो. आत बाई बोलत होत्या — सामायिकात! 'शौर्या, इकडं बघ रे. नानीकडं बघ! हर्षा, त्याला जरा वर धर की.'

हर्षा म्हणजे शेठची धाकटी. पेठ गावच्या मराठ्याच्या पोराशी लग्न करून इंग्लंडला गेली. 'तिचं नाव या घरात घ्यायचं न्हाई,' शेठ तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांदेखत गरजले होते. तिला मूल झालंय, हे कुणी बोललंसुद्धा नाही. बाईंना कॅमेरा लावायला शिकवलं असणार वृषालीनं. त्यांच्यासाठी ती बदनामी घेऊन मोकळी झाली.

आणि मी रंगीत प्रिंट काढली! गाढवाला निदान शेपूट तरी असतं.

११ मार्च

खरं सांगितलं तर बाईंना नातू दिसायचा बंद. गप्प बसलो तर वृषालीची नोकरी जाणार. दिवसभर चहा ढोसला. अक्कल होती तेवढीच राहिली.

१२ मार्च

बोललो एकदाचा. 'शेठ, चूक माझी. ते सॉफ्टवेअरच नेट खात होतं. वृषाली घाबरून हो म्हणाली.'

शेठ म्हणाले, 'बिल तर त्याच्या आधीच आलं व्हतं.'

बोंबला! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'त्याच्या आधी... दुसरं एक होतं. तेपण मीच बसवलेलं.'

'म्हंजे तूच खाल्लंस?'

'हो, शेठ.'

शेठनी ड्रॉवरमधून माझी रंगीत प्रिंट काढली न् चुरगाळून टोपलीत टाकली. मग म्हणाले, 'तिला सांग, काम सोडू नको म्हणावं. तुझं बघतो मी.'

वृषालीला सांगितलं. आधी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, 'येडा आहेस तू, भरत.'

भाऊ गळालं! नोकरी गेली खड्ड्यात.

१३ मार्च

खड्ड्यात कसली जाते! लई भीती वाटतेय. आईला काय सांगू? कांद्यावर जातो म्हणून?



१५ मार्च

शेठनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं. म्हटलं, संपलं. तर म्हणाले, 'नेटचा मोठा प्लॅन घे. बाईंना सांगू नको.' मी म्हटलं, कशाला, शेठ? ते माझ्याकडं न बघता म्हणाले, 'तुझी ती प्रिंट बघितल्यापासून मागं गोदामाच्या खिडकीत उभा राहतो मी रोज दुपारी. पोरगं हसायला लागलं, की नेमकं चित्र अडकतं.'