उणे अठरा अंशांतलं आयर्लंड

बाबा, आयर्लंडमध्ये पामची झाडं असतात. दक्षिणेकडच्या ज्या बंदराच्या गावातून आईला हॉस्पिटलच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं ना, तिथेच, घरांच्या अंगणात, भर डिसेंबरात मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. पावसात निवांत भिजत उभी होती. पहिलं झाड दिसलं तेव्हा मी फुटपाथवर थांबून एकटीच हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. नाहीतर तुमचं बखोट धरून त्या झाडासमोर उभं केलं असतं आणि विचारलं असतं, हे काय आहे, सांगा.

ऑफिसने महिनाभर ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथली हवा कशी असते ते आता माझ्याकडून ऐका. पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा येतो, बाराही महिने, आणि येताना ढग घेऊन येतो. पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही. भुरभुरतो, थांबतो, दहा मिनिटं ऊन पडतं की पुन्हा सुरू. छत्री उघडली तर वारा ती उलटी करतो, म्हणून शहाणी माणसं छत्री घेतच नाहीत. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, ते मात्र मला जड गेलं. पण थंडी म्हणाल तर आठ अंश, नऊ अंश. दक्षिणेकडून समुद्राचा कोमट प्रवाह येतो, तो त्या देशाला हिवाळ्यात गोठू देत नाही. उन्हाळ्यात समुद्रच त्याला तापू देत नाही. कॉलेजच्या सहलीत महाबळेश्वरला मी याहून जास्त कुडकुडले होते.

हे कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं. पण तुम्हाला पुस्तकाची काय गरज? तुम्ही थंडीतले तज्ज्ञ. सांगलीच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकलेले, शारजाजवळच्या रास अल खोरच्या मासळीच्या कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर. आईला हॉस्पिटलचं पत्र आलं त्या संध्याकाळी तुम्ही माझा शाळेचा नकाशासंग्रह जेवणाच्या टेबलावर उघडलात आणि पट्टी ठेवून लाल पेनाने आडवी रेघ मारलीत. ती रेघ अजून आहे. इकडे कॅनडात समुद्र गोठतो, तिकडे रशियात माणसं गोठतात, मग मध्येच हे कसं उबदार असणार, असं तुम्ही आईला समजावत होतात, पहिलीतल्या मुलाला समजवावं तसं. मधल्या एवढ्या मोठ्या समुद्राकडे तुमचं लक्षही गेलं नाही. आई मिरजेला नर्सिंग शिकलेली, शारजाच्या एका लहानशा क्लिनिकमध्ये इंजेक्शनं टोचून आणि बीपी मोजून विटलेली. मुलाखत तिने तुम्हाला न सांगता दिली होती. मला वाटतं, तुमचं खरं दुखणं तेच होतं. नकाशा हे निमित्त. ती एवढंच म्हणाली की तिथेही माणसंच राहतात.

मग तुम्हाला ती कल्पना सुचली. तुमच्याइतका स्वतःवर खूश झालेला माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. शुक्रवारी, जुलैच्या त्या भट्टीत, सुट्टीच्या दिवशी तुम्ही आम्हाला कोल्ड स्टोअरला नेलंत. दहा मिनिटं आत उभी राहून दाखव, राहिलीस तर मी स्वतः तिकिटं काढतो, असं आईला म्हणालात. मी नऊ वर्षांची, घरी ठेवायला कुणी नाही म्हणून बरोबर. तुमचं जाड निळं जॅकेट तुम्ही मला घालता, ते माझ्या गुडघ्याखाली येतं, हनुवटीपर्यंत चेन ओढता, टोपी कानांवर घट्ट बसवता. तुम्ही स्वतः नुसत्या शर्टावर, आई सलवार-कमीजवर. दार बंद होतं. सुरमईचे खोके छतापर्यंत, आणि भिंतीवरच्या काट्यावर उणे अठरा. तुम्ही घड्याळ बघताय. आई हलत नाही. तिचे ओठ निळे पडलेत, पण ती समोरच्या खोक्यांवरची नावं एकेक करून वाचतेय, वॉर्डातले केसपेपर वाचावेत तशी. सातव्या मिनिटाला तुम्हाला दार उघडावं लागलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "खलास. विषय संपला."

एका देशाची हवा तुम्ही मासळीच्या खोलीत मोजलीत, बाबा. आणि त्या दुपारी घरी येऊन एसी अठरावर लावून, गोधडी डोक्यावरून ओढून घोरत पडलात. आई पुढची एकोणीस वर्षं त्याच क्लिनिकमध्ये बीपी मोजत राहिली. तुमच्या मित्रमंडळींत तुम्ही हा किस्सा रंगवून सांगायचात आणि सगळे पोट धरून हसायचे. मी चहाचे कप उचलायला यायचे आणि मनात तुम्हाला मूर्ख म्हणायचे. आजही म्हणते. तुमच्याबद्दल एवढा एकच शब्द मी इतकी वर्षं न बदलता वापरलाय.

आता आई आमच्याकडे असते, शारजातच, अल मजाजला. जुमेरा लेक टॉवर्सच्या माझ्या ऑफिसने मला कायमचं तिकडे आयर्लंडला जाण्याबद्दल विचारलंय. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी तिलाही घेऊन जाणार म्हणते, ती नको म्हणते. काल नाश्त्याच्या वेळी माझ्या मुलीने, ती आता नऊची आहे, आईला विचारलं, "आजी, इज इट व्हेरी कोल्ड देअर?" मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "नाही गं. आज नऊ डिग्री. वारा आहे, दुपारी थोडा पाऊस, मग ऊन." फोनवर बघावंही लागलं नाही तिला. रोज सकाळी देवपूजा झाली की ती त्या गावची हवा बघते, म्हणे, कितीतरी वर्षं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं, मग तेव्हा नाही का म्हणालीस, बाबांना का घाबरलीस? तिने टोस्टची ताटली जवळ ओढली.

"त्यांना कोण घाबरतंय? मी उभी राहिले असते दहा मिनिटं. तू रडायला लागलीस, मला थंडी वाजते, मला नाही जायचं तिकडे म्हणून. लेकराला सोसत नाही तर कशाला जायचं, असं वाटलं मला." एवढं बोलून ती नातीच्या टोस्टला लोणी लावायला लागली.

तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, आणि तुम्हाला लिहून ते कुठे पोचणार नाही, तेच बरं आहे. आईला गुरुवारच्या आधी सांगायला हवं, आणि माझी हिंमत होत नाही. माझी जिवलग मैत्रीण आमच्याच मजल्यावर राहायची, मला शारजा सोडायचं नव्हतं, आणि तुम्हाला कोणतं उत्तर हवंय ते मला दिसत होतं. तुम्ही तेव्हाच ओळखलंत. बाहेर पडल्या पडल्या तुम्ही मला आईस्क्रीम घेऊन दिलंत आणि मी ते सगळं खाल्लं. आईने तिचं घेतलं नाही. चेन तर तुम्हीच हनुवटीपर्यंत ओढली होतीत, बाबा. मला थंडी वाजत नव्हती.