आक्कांना मालिका सांगताना

३ फेब्रुवारी, सोमवार

मटार सोलताना आठवलं. वाशीचं भाड्याचं घर, लग्नानंतरचं पहिलं वर्ष. आक्का आणि मी अशाच जमिनीवर बसून मटार सोलत होतो. समोर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. चित्र हललं की हे उठून त्याला वरून एक थाप मारायचे. आक्का म्हणाल्या, "आमच्या वसंताचा हात फक्त टीव्हीवर चालतो." किती हसलो. एवढंच. विशेष काही नाही त्यात.

आता नेरुळच्या घरात नणंद-भावजय दोघीच. आक्कांची नजर गेल्याला तीन वर्षं झाली. कान शाबूत. मालिका आठ वा. त्या ऐकतात, दिसतं ते मी सांगते.

आजचा भाग ठीक. दमयंतीकाकू खलनायिका खरी, पण तेलाच्या डब्यात किती उरलंय हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत असतं. बाकीचे नुसते जिन्यावर उभे. मला ती आवडायला लागली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मालिकेतले बाबा बदलले. खाली पट्टी येऊन गेली, यापुढे ही भूमिका दुसरे कोणी करतील म्हणून. नवे बाबा सोफ्यावर बसले, सुनेने चहा दिला. कोणाला काही वाटलं नाही.

आक्का : "हा कोण गं?"
"बाबाच."
"बरं."

सकाळी डॉ.कडे जाऊन आले. हृदयाची झडप बदलावी लागेल. मंगळवार, १८ तारीख ठरली. निखिल बंगळूरहून येणार. मलाही काही वाटलं नाही. येताना कोथिंबीर घेतली. आक्कांना म्हटलं, बाजारात गेले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

निखिलचा फोन. "आई, आत्याला सांगितलंस?" "सांगते." नाही सांगितलं.

ह्यांच्या वेळी साधंच ऑपरेशन आहे म्हणून आक्कांना न सांगता ह्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. हे परत आलेच नाहीत. तेव्हा आक्का एकदाच म्हणाल्या, "मला त्याच्याशी बोलायचं होतं." पुन्हा विषय नाही. म्हणून तर सांगायला हवं. आणि म्हणूनच तोंड उघडत...

१० फेब्रुवारी, सोमवार

आजच्या भागात ऑपरेशन. थोरल्या सुनेला टेबलावर घेतलं तरी लिपस्टिक, झुमके जागच्या जागी, केस मोकळे. बाहेर अख्खं खानदान. मी आक्कांना सांगितलं, हिरवा गाऊन आहे, केस नीट झाकलेत. मी नेहमीच जरा सुधारून सांगते. भडक साड्या फिक्या करते, रडका चेहरा थोडा कमी रडका. कॉन्व्हेंटात खोटं बोलणं हे पाप होतं. हे त्यात धरायचं का, कोणाला विचारू?

"वाचेल का गं?"
"थोरली आहे. शीर्षकगीतात चेहरा आहे तिचा. वाचणारच."

दोन वाक्यांत दम लागला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुनंदा सारसोळ्याहून आपल्याकडे कामाला येते. आज उशीर झाला म्हणून मालिकेपर्यंत थांबली. मला धाप होती, म्हटलं आज तू सांग.

"आक्का, काकू आली. काली सारी. थोबार असा केलाय, जशी मासली नासलेली हाय घरान."

आक्का हसून हसून खोकल्या. "आणि थोरली?"

"ती निजलीय. पन कानान झुमकं हायत."

"झुमके? केस झाकलेत ना तिचे?"

"कुठं झाकलंत? मोकलं सोरलंत, लग्नाला निंगल्यावानी."

मी चहा ठेवायला उठले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही सुनंदाने सांगितलं. ती गेल्यावर मी टीव्ही बंद केला. आक्का उठल्या नाहीत.

"किती दिवस सुधारून सांगतेस?"
"थोडंसंच, आक्का."
"साड्यांचं चालेल. आणखी काय लपवलंयस?"
"काही नाही."

"सुधा, पूर्वी तू अख्खा प्रसंग एका दमात सांगायचीस. हल्ली 'तिने दार उघडलं' म्हणतेस आणि थांबतेस. मला वाटलं, मालिकाच रेंगाळतेय. सुनंदा सांगायला लागली तेव्हा कळलं, मालिका आहे तशीच आहे."

सांगितलं. झडप, मंगळवार. एका वाक्यात. मी रडले नाही, त्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" मग विचारलं, "तुला कुठल्या रंगाचा गाऊन देतील?"

म्हटलं, माहीत नाही.

"मग बघून सांग. खरा रंग सांग."

माझा हात धरून बसल्या. त्यांचा हात गार होता. माझा कसा होता, कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या दुपारी भरती. आजचा महाभाग दोन तासांचा, पाहिला नाही. आक्काच नको म्हणाल्या.

निखिल, हे तुझ्यासाठी.

पाटल्या माझ्या सुनेला, ऋचाला. तिने मोडून हवं ते करावं, कोणाला विचारत बसू नये. मोत्यांच्या कुड्या लग्नात आक्कांनी दिल्या होत्या, त्या त्यांनाच परत. शिलाई मशीन सुनंदाला, तिने कधीची नजर ठेवली आहे. शाळेत बक्षीस मिळालेली इंग्रजी पुस्तकं सोसायटीच्या वाचनालयाला. नको म्हणाले तर रद्दीत दे, वाईट वाटून घेऊ नकोस. ह्यांचं घड्याळ तुला.

आठ ते साडेआठ रिमोट सुनंदाकडे. तेव्हा तू मध्ये बोलू नकोस.

ऑप. झाल्यावर आक्कांना मला भेटायला आणशील, तेव्हा सुनंदाला बरोबर आण. मी कशी दिसते, आक्का लगेच विचारतील. तू सांगू नकोस, तू माझ्यावर गेला आहेस. सुनंदाला सांगू दे.